शीर जोडली नाही, म्हणजे उपचार अर्धवट सोडले का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका एका तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या धाकट्या भावाला आठ महिन्यांपूर्वी दुचाकीवर असताना अपघात झाला. उजवा गुडघा निखळला आणि गुडघ्यामागची धमनी व तिच्या शेजारची मोठी शीर, दोन्ही तुटल्या. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी धडधाकट डाव्या पायातून शिरेचा तुकडा काढून तुटलेली धमनी जोडली, पण मोठी शीर मात्र ‘बांधली’, अशी नोंद कागदावर आहे. पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा दिल्या होत्या आणि पुढे त्यांवर त्वचा लावावी लागली. पाय वाचला, भाऊ चालतोही. मात्र संध्याकाळपर्यंत घोटा आणि पोटरी सुजते व पाय जड होतो. नात्यातल्या एका डॉक्टरांनी कागद पाहून “शीर का नाही जोडली?” एवढेच विचारले आणि तेव्हापासून घरात स्वस्थता नाही. वडिलांना ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची आहे. आईच्या मते जमिनीचा तुकडा विकावा लागला तरी चालेल, पण दुसरी शस्त्रक्रिया करून शीर जोडून घ्यावी. लेखिकेचे प्रश्न दोन आहेत : डॉक्टरांनी हलगर्जी केली का आणि आता शीर जोडता येईल का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पण त्या दोन्हींच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि आधी त्याकडे पाहावे लागेल. तुटलेली रक्तवाहिनी जोडली तर उपचार पूर्ण झाला आणि बांधली तर तो मध्येच सोडला, असे तुमच्या घरातल्या सर्वांनी धरून चालले आहे. धमनीबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. शिरेबाबत मात्र गेली शंभराहून अधिक वर्षे जगातले नामांकित शल्यविशारद याच मुद्द्यावर एकमेकांशी वाद घालत आले आहेत, आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. नात्यातल्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे; त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. भावाला मी तपासलेले नाही आणि शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणेही पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्या रात्री काय व्हायला हवे होते याचा निवाडा मी करणार नाही. तो कसा करायचा एवढे मात्र सांगता येईल.

पायात धमनीतून रक्त जोराने येते आणि शिरांतून ते सावकाश वर, हृदयाकडे परत जाते. धमनीची भिंत जाड असते, तिच्यात दाब असतो, त्यामुळे जोडलेल्या जागेतून रक्त वेगाने वाहत राहते. शिरेची भिंत पातळ, आतला दाब कमी आणि प्रवाह संथ. शिवलेल्या जागी रक्त थोडे जरी रेंगाळले तरी गुठळी धरते. म्हणूनच शीर जोडणे हे धमनी जोडण्यापेक्षा नाजूक काम आहे आणि ते टिकण्याची खात्रीही कमी आहे. दुसऱ्या बाजूला, मुख्य शीर बंद झाली तरी कातडीखालच्या व स्नायूंमधल्या लहान शिरा हळूहळू रुंदावतात आणि परतीचा बराचसा भार उचलतात. धमनी बंद पडली तर पाय काही तासांत मरू लागतो. शीर बंद झाल्यास तो बहुधा सुजतो. त्या रात्री डॉक्टरांच्या मनात पहिला हिशेब हाच असणार.

आता इतिहासाकडे वळतो. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

शीर शिवता येते ही गोष्ट नवी नाही. १८८२ साली माक्स शेडे या जर्मन शल्यविशारदाने मांडीतल्या मुख्य शिरेची जखम टाके घालून बंद केली आणि ती यशस्वी झाली, अशी नोंद आहे. तरीही त्या काळी बहुतेक ठिकाणी रक्तवाहिनी तुटली की ती दोऱ्याने बांधायची, हाच रिवाज होता. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुरीहल्ला झाला आणि पोटातली यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटून ते दगावले. जवळच्या शल्यविशारदांना ती शीर शिवता आली नाही, ही गोष्ट अलेक्सी कारेल नावाच्या त्याच शहरातल्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मनाला लागून राहिली. त्याने एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुई आणि रेशमी धाग्याचे टाके शिकून घेतले, १९०२ साली रक्तवाहिन्या टोकाला टोक लावून जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९१२ साली त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीच तंत्र हातात होते.

आणि तरीही त्या युद्धात काय घडले पाहा. ब्रिटिश शल्यविशारद सर जॉर्ज मेकिन्स यांनी गोळी लागून फुटलेल्या रक्तवाहिन्यांचे असंख्य रुग्ण पाहिले आणि असे सुचवले की, हातापायाची मुख्य धमनी बांधावी लागली तर तिच्या शेजारची शीर धडधाकट असली तरी तीही बांधावी. आज हे वाचताना चमत्कारिक वाटते. त्यामागचा विचार असा होता की, पायात येणारे रक्त कमी झाले असेल तर जाणारेही अडवावे, म्हणजे आहे तेवढे रक्त तिथे अधिक वेळ राहील. हा सल्ला बाष्कळ नव्हता. अनुभवी माणसाने निरीक्षणावरून दिलेला होता, आणि पुढची दोन-तीन दशके तो पाळलाही गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, मायकेल डिबेकी आणि फियोरिंडो सिमिओनी यांनी अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा शीर मुद्दाम बांधून फायदा झाल्याचे त्यांना आढळले नाही. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती तुमच्या आईला जरूर वाचून दाखवा. इतक्या जखमांपैकी फक्त ८१ ठिकाणी धमनी शिवता आली होती, आणि गुडघ्यामागची धमनी तुटलेल्यांपैकी दर दहात सात जणांचा पाय कापावा लागला होता. तुमच्या भावाला झालेली जखम ती हीच.

कोरियाच्या युद्धात धमन्या जोडण्याची पद्धत रुळली आणि धमनी-जखमांनंतर पाय किंवा हात कापण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर उतरले. शिरा मात्र तेव्हाही मोजक्याच जोडल्या गेल्या. तिथे मत बदलले ते व्हिएतनामच्या युद्धाने. अमेरिकी सैन्याचे शल्यविशारद नॉर्मन रिच यांनी १९६६ पासून वॉल्टर रीड रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या जखमांची एक नोंदवही सुरू केली आणि रुग्ण घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे काम हे पाठपुराव्याचेच आहे, कारण शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडताना बांधलेली शीर आणि जोडलेली शीर यांतला फरक कोणालाच दिसत नाही. १९७६ साली त्यांनी गुडघ्यामागची फक्त शीर जखमी झालेल्या, म्हणजे धमनी शाबूत असलेल्या, ११० रुग्णांचा हिशेब मांडला. शीर बांधलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के जणांच्या पायाला लक्षणीय सूज राहिली; जोडलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. शीर जोडली तर गुठळ्या सुटून फुप्फुसात जातील, ही जुनी भीतीही त्या आकड्यांत खरी ठरली नाही. दरम्यान १९७३ साली रॉबर्ट हॉब्सन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले होते की, मांडीची शीर बांधताच शेजारच्या धमनीतला प्रवाहही घटतो. शेताला पाणी सोडायचे आणि निचऱ्याचा चर बुजवायचा, तसाच हा प्रकार. मेकिन्स यांचा तर्क इथे पूर्ण उलटला. तुमच्या नात्यातल्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न या परंपरेतून येतो, आणि तो चुकीचा नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. रिच यांच्या रुग्णांत कोणाची शीर बांधायची आणि कोणाची जोडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांचे पाय जास्त चिरडलेले होते त्यांच्या शिरा बांधल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी, आणि असे पाय तसेही जास्त सुजतात. १९८० साली डेट्रॉईटच्या शल्यविशारदांनी शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला. त्या सर्वांच्या शिरा बांधलेल्या होत्या, पण नंतर पाय उंच ठेवण्याची शिस्त काटेकोर पाळली होती आणि कायमची त्रासदायक सूज फार थोड्यांना राहिली. १९८७ साली शिकागोच्या एका गटाने जोडलेल्या ३६ शिरांची आठवडाभराने रंगद्रव्य सोडून क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३९ टक्के बंद पडलेल्या आढळल्या. जिथे मध्ये तुकडा घालून शीर जोडावी लागली होती, तिथे तर निम्म्याहून अधिक. त्यांतल्या काही पुढे आपोआप मोकळ्या होतात हे खरे, तरी जोडली म्हणजे टिकली असे होत नाही हे त्यातून दिसते. आजची सर्वसाधारण रीत या दोन्ही अनुभवांतून घडली आहे : रुग्ण स्थिर असेल, शिरेचे टोक चांगले असेल आणि साध्या टाक्यांनी काम होत असेल, तर जोडावी, गुडघ्यामागची असेल तर विशेषच; पण रुग्णाचा जीव धोक्यात असेल किंवा शिरेचा मोठा तुकडाच नाहीसा झाला असेल, तर बांधावी आणि पुढची काळजी नीट घ्यावी.

आता तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टींकडे परत येतो, कारण तुमच्या घरी त्या डॉक्टरांविरुद्धचा पुरावा म्हणून पाहिल्या जात आहेत आणि मला त्या नेमक्या उलट वाटतात. पहिली, धडधाकट पायाला लावलेली चीर. धमनी जोडण्यासाठी कातडीखालची लांब शीर वापरतात आणि ती मुद्दाम दुसऱ्या पायातून घेतात, कारण जखमी पायातली खोल शीर बंद असेल तर रक्ताला परत जायला तीच कातडीखालची शीर मोठा आधार असते. ती काढली असती तर भावाची सूज आजच्यापेक्षा बरीच जास्त असती. दुसरी, पोटरीवरच्या लांब चिरा. काही तास रक्त न मिळालेल्या पायात ते पुन्हा सुरू झाले की स्नायू फुगतात, भोवतीच्या ताठ आवरणात कोंडले जातात आणि आतल्या दाबाने मरतात. शीर बांधलेली असेल तर हा धोका वाढतो. ते आवरण वेळीच उघडणे हीच त्यावरची शस्त्रक्रिया आहे. व्रण कुरूप दिसतात हे मान्य, पण त्या चिरा कोणाच्या निष्काळजीपणाच्या खुणा नाहीत.

मग हलगर्जी झालीच नाही का? ते मी म्हणत नाही. ते कागदांवरून ठरेल. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा तक्ता आणि नंतरच्या दिवसांच्या नोंदी लेखी अर्ज देऊन मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे अशी मागणी आल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात आणि ते तीन वर्षे जपून ठेवायचे असतात. त्यांत अपघात आणि शस्त्रक्रिया यांत किती तास गेले, आणले तेव्हा भावाचा रक्तदाब किती होता, किती बाटल्या रक्त द्यावे लागले, शिरेचा किती भाग नष्ट झाला होता, आणि शीर बांधण्याचे कारण एका ओळीत तरी लिहिले आहे का, हे पाहा. सहा तासांच्या आसपास पायाला रक्त मिळाले नसेल आणि रक्तदाब खाली असेल, तर शीर जोडण्यात आणखी तासभर घालवणे म्हणजे पाय किंवा जीव पणाला लावणे ठरले असते. याउलट रुग्ण स्थिर होता, जखम स्वच्छ होती आणि तरी बांधण्याचे कारण कुठेच नोंदलेले नाही, असे दिसले तर विचारण्याजोगा प्रश्न उरतो.

तो प्रश्न आधी त्या डॉक्टरांनाच विचारावा, असे मी सुचवेन. वडिलांबरोबर तुम्ही जा. नात्यातले डॉक्टर सोबत आले तर उत्तम. “तुम्ही जोडली का नाही?” असे न विचारता “त्या वेळी पायाची आणि रुग्णाची स्थिती काय होती आणि बांधण्याचा निर्णय कशामुळे घेतला?” असे विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस बचावाचे उत्तर देतो, दुसऱ्याला तो माहिती देण्याची शक्यता जास्त. माझ्या मते खरी उणीव याच जागी आहे : शीर बांधली आहे आणि त्यामुळे पाय सुजू शकतो, हे आठ महिन्यांत तुम्हाला कोणी बसवून सांगितलेले दिसत नाही. तक्रार करायचीच झाली तर ती या गोष्टीची अधिक रास्त होईल. कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कागद वाचून विचार करायला तुम्हाला वेळ आहे. आणि जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले आहे की, दुसरा उपाय उपलब्ध होता एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. त्याने त्या काळच्या मान्य पद्धतींपैकी एक अवलंबली असेल तर ते पुरते. शीर बांधणे ही अशी मान्य पद्धत आहे. वडिलांनी हे वकिलाकडून नीट समजून घ्यावे आणि मगच खर्चात पडावे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल माझे मत अधिक ठाम आहे. तिच्यासाठी आज जमीन विकू नका. आठ महिन्यांपूर्वी तुटलेली शिरेची टोके आता आक्रसलेली आणि व्रणात अडकलेली असतात. ती शोधायला गेल्यास शेजारीच असलेल्या, पाय जिवंत ठेवणाऱ्या जोडलेल्या धमनीला धक्का बसू शकतो. बंद शिरेला वळसा घालून रक्त नेण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. १९५४ साली वॉरन आणि थेयर यांनी त्याच पायातली कातडीखालची शीर खोल शिरेला जोडून असा मार्ग काढला होता, आणि १९६० च्या सुमारास उरुग्वेच्या एदुआर्दो पाल्मा यांनी चांगल्या पायातली शीर ओटीपोटावरून वळवून दुसऱ्या पायात नेली होती. पण पाल्मा यांची पद्धत जांघेवरच्या अडथळ्यासाठी आहे, तुमच्या भावाची डावी शीर आधीच वापरली गेली आहे, आणि असे वळसे साधारणपणे पायावर जखमा होऊ लागल्या किंवा चालणे अशक्य झाले तरच विचारात घेतात. संध्याकाळची सूज एवढ्यासाठी हा धोका पत्करू नये. कोणी न तपासता “जोडून देतो” असे सांगितले, तर तिथून निघून या.

खर्च करायचाच तर तो रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे एक भेट आणि दोन्ही पायांची डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची) यांवर करा. धमनीचा जोड नीट चालतो का, कुठे गुठळी आहे का आणि रक्त कोणत्या वाटांनी परत जाते, हे त्यात कळेल. सुजेसाठी दाब देणारे मोजे फार उपयोगी पडतात, पण भावासारख्या, धमनी जोडलेल्या रुग्णाने ते दुकानातून परस्पर आणून घालू नयेत. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून धमनीतले रक्त पुरेसे आहे याची खात्री झाल्यावर, किती दाबाचे आणि कुठपर्यंतचे मोजे घालायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. गुडघ्यामागे वळी पडून आवळणारे क्रेप बँडेज टाळावे. रात्री आणि दुपारी शक्य तेव्हा आडवे होऊन पाय छातीपेक्षा वर राहील असा ठेवावा. खुर्चीवर बसून स्टुलावर ठेवल्याने तो परिणाम होत नाही. पोटरीचे स्नायू हाच शिरांचा पंप आहे, म्हणून दिवसातून अनेकदा टाचा उचलणे आणि रोज चालणे हा उपचाराचा भाग समजावा. त्वचा लावलेल्या जागी रोज सौम्य तेल किंवा मलम हलक्या हाताने लावावे. जोराची मालिश करू नये, आणि कोणी जळवा लावायला सुचवले तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसे सांगावे. ती गोळी स्वतःहून बंद करू नये. पाय अचानक नेहमीपेक्षा खूप सुजला व दुखू लागला, छातीत दुखून धाप लागली, किंवा पाऊल गार, फिकट, बधिर पडले, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.

पत्रात भावाबद्दल तुम्ही ‘तो गप्प असतो’ एवढेच लिहिले आहे. तक्रार हवी वडिलांना, शस्त्रक्रिया हवी आईला. पाय ज्याचा, त्याला काय हवे हे पत्रातून कळत नाही. त्याला वेगळे बसवून विचारा. कदाचित त्याची काळजी पूर्वीचे काम पुन्हा जमेल का, ही असेल. तो दिवसभर उभा राहून काम करत असेल, तर तज्ज्ञांच्या भेटीत दर तासाला पाच मिनिटे चालण्याची आणि दुपारी पाय वर ठेवण्याची गरज आहे, असे लेखी घ्या आणि ते पत्र घेऊन त्याच्या मालकाशी बोला.